एमजीबीत एमएक्स-५ चं इंजिन टाकलंय आणि सिग्नलला गाडी तापते? रेडिएटर घ्यायच्या आधी हे करून बघा

एमजीबी म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, एमएक्स-५ म्हणजे मझ्दाची छोटी स्पोर्ट्स गाडी, आणि इथे एकीत दुसरीचं इंजिन टाकलंय. आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं तेच आहे का ते कळेल. मोटरवेवर ताशी ७० मैलांनी तासभर पळवा, काटा मधोमध, हलत पण नाही. गावात शिरलात, दोन-तीन सिग्नल लागले की काटा हळूहळू वर सरकायला लागतो, फॅन कधी लागतो कधी लागतच नाही, आणि चौथ्या सिग्नलला काटा लालच्या अलीकडे. मग कोणीतरी सांगितलेलं असतं म्हणून भर उन्हात हीटर पूर्ण उघडायचा, आणि दोन मिनिटांत काटा खाली. उन्हाळ्यात हे दर आठवड्याला, थंडीत मात्र गाडी अगदी गुणाची. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) बदलला, फॅन बदलला, रेडिएटर बदलला, थोडे दिवस बरं वाटतं आणि परत पहिले पाढे पंचावन्न.

गेल्या वर्षभरात इकडच्या, इंग्लंडमधल्या, तीन मराठी मित्रांनी मला फोन करून हेच सांगितलं, शब्द सुद्धा जवळपास तेच, आणि तिघांचाही पुढचा प्रश्न एकच की कुठला रेडिएटर घेऊ. मी पण तेच केलं होतं. दोनशे पाउंडाच्या वर घालवून ॲल्युमिनियमचा जाड रेडिएटर आणला, दोन रविवार घालवून बसवला, आणि पुढच्याच शनिवारी गाडी परत तापली. म्हणून सगळं नीट एका जागी लिहून ठेवतोय.

माझी गाडी १९७८ ची एमजीबी रोडस्टर, रबर बंपरवाली. मी राहतो कॉव्हेन्ट्रीला, नोकरी पण गाड्यांच्याच धंद्यात, त्यामुळे इथे आल्यावर दोन वर्षांतच अशी एखादी गाडी हवी असं डोक्यात बसलं होतं. मूळचं १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन आधीच्या मालकाच्या हातात असतानाच तेल प्यायला लागलं होतं, त्याने ते उतरवून मझ्दा एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीतलं १८३९ सीसीचं इंजिन त्याच्या गिअरबॉक्ससकट बसवलं. इंग्लंडमध्ये ह्या एमएक्स-५ चे सिल (दाराखालचे पत्रे) गंजून जातात आणि इंजिनं मात्र ठणठणीत असतात, त्यामुळे अशी इंजिनं स्वस्तात मिळतात. सीसी बघा, फक्त ४१ ने वाढली, पण एमजीबी १९६२ मध्ये आली तेव्हा ९५ अश्वशक्ती होती आणि हे साधारण १३० देतं, शिवाय थंडीत पहिल्या चावीला चालू होतं. (लॉगबुकवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, इंजिन नंबर आणि सीसी बदलून घ्या आणि विम्याच्या कंपनीला कळवा, नाहीतर अपघातानंतर हात चोळत बसायची वेळ येईल.)

पहिला मोठा झटका जुलै २०२२ मध्ये बसला. १९ जुलैला लिंकनशरमधल्या कोनिंग्जबीला ४०.३ अंश नोंदले गेले, इंग्लंडमध्ये इतकी गरमी ह्याआधी कधीच नोंदली गेली नव्हती, त्याच आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी घरी येताना रिंग रोडला गाड्यांची रांग, समोर काहीतरी अपघात झालेला, टप खाली, बायको शेजारी. काटा चढताना दिसत होता, पण ह्या उकाड्यात हीटर कोण लावणार, म्हणून मी तो बंदच ठेवला. पाच मिनिटांत बोनेटच्या मागच्या कडेतून, बरोबर काचेसमोरून, वाफेचा एक पातळ पडदा वर आला आणि गरम अँटिफ्रीझचा तो गोडसर वास नाकात गेला. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. तासाभराने थंड झाल्यावर झाकण उघडलं तर रेडिएटर जवळपास भरलेला! पाणी कमी झालं होतं ते अर्धा लिटरच. तिथेच पहिल्यांदा डोक्यात आलं की रेडिएटर भरलेला आहे, फॅन फिरत होता, मग तापलं काय?

आता पाण्याचा रस्ता समजून घेऊया, कारण सगळं त्यातच आहे. हे इंजिन मुळात मझ्दाने ३२३ सारख्या पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या, आडव्या इंजिनाच्या गाडीसाठी केलेलं. तिथे पाण्याचा पंप एका टोकाला आणि थर्मोस्टॅट दुसऱ्या टोकाला, म्हणजे पाणी पहिल्या सिलिंडरपाशी आत येतं, चारही सिलिंडर धूत जातं आणि चौथ्याच्या मागून बाहेर पडतं. एमएक्स-५ मध्ये इंजिन उभं बसवलं तेव्हा बाहेर पडायची जागा पुढे आणली, पंपाच्याच बाजूला. त्यामुळे पाणी पुढून आत येतं आणि बरंचसं पुढूनच बाहेर जातं, आणि चौथा सिलिंडर सगळ्यात लांब, त्याच्या वाट्याला कमी पाणी. मागच्या टोकाला हेडमधून (सिलिंडरच्या वर बसतो तो इंजिनचा भाग) एकच वाट निघते, ती हीटरची. एमएक्स-५ मध्ये हीटरच्या पाण्याला कॉक नाहीच, पाणी बारा महिने चोवीस तास हीटरमधून फिरत असतं, आतली गरम-थंड हवा झडप हलवून बदलते. म्हणजे हीटरची ती वाट ही नुसती तुमच्या पायांना ऊब द्यायला नाही, ती चौथ्या सिलिंडरचा प्राण आहे. थर्मोस्टॅट बंद असताना पाणी फिरायची मोठी वाट पण तीच.

एमजीबीचं उलटं. एमजीबीत हीटरला पाण्याचा कॉक असतो, डॅशबोर्डवरची घुंडी फिरवली की केबल ओढली जाते आणि कॉक उघडतो किंवा मिटतो. बी-सिरीजला त्याने काही फरक पडत नाही, ते इंजिन त्या वाटेवर अवलंबूनच नाही.

आता दोन्ही जोडा. एमएक्स-५ चं इंजिन, एमजीबीचा हीटर, आणि मधल्या होजवर (रबरी नळीवर) एमजीबीचाच कॉक, कारण डॅशवरची घुंडी चालली पाहिजे ना. थंडीत घुंडी उघडी, पाणी फिरतं, गाडी मस्त. मे महिना आला, घुंडी बंद केली, आणि त्याच क्षणी हेडच्या मागच्या टोकाचं पाणी जागच्या जागी थांबलं. मोटरवेला पंप जोरात फिरतो म्हणून कसंबसं भागतं. सिग्नलला पंप मंदावला की चौथ्यापाशी पाणी उकळायला लागतं. आणि तापमानाचा सेन्सर कुठे, तर हेडच्या मागच्या टोकाला, म्हणजे बरोबर त्याच साचलेल्या पाण्यात. पण फॅनचा स्विच पुढे थर्मोस्टॅटच्या घरात, तो ९७ अंशांच्या आसपास लागतो, त्याला बिचाऱ्याला पुढचं पाणी ९० चं दिसतंय, तो कशाला लागेल. म्हणून फॅन कधी लागतो कधी लागत नाही, आणि लोक फॅन बदलतात.

हीटर उघडल्यावर काटा उतरतो ह्याचं सगळेजण एकच कारण सांगतात की हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटर. थोडं खरं आहे, पण ह्या गाडीत खरं कारण ते नाही. तपासायला एक पैसा लागत नाही. गाडी तापायला लागली, काटा तीन चतुर्थांशावर गेला की हीटरची घुंडी पूर्ण उघडा पण ब्लोअर बंदच ठेवा. ब्लोअर बंद म्हणजे हीटरमधून उष्णता जवळपास बाहेर पडतच नाही. तरीही काटा दोन-तीन मिनिटांत सरसर उतरला, तर तुम्हाला जास्त थंडाव्याची गरज नव्हतीच, तुमचं पाणी फिरत नव्हतं. ब्लोअर लावल्यावरच उतरला आणि लगेच परत चढला, तर मात्र रेडिएटर, फॅन, हवेचा रस्ता ह्या बाजूला बघा.

दुसरी तपासणी इन्फ्रारेड थर्मामीटरने, वीस पाउंडाचा मिळतो. एक गोष्ट लक्षात ठेवा, चकचकीत ॲल्युमिनियमवर तो खोटं सांगतो, खूप कमी आकडा दाखवतो, म्हणून थर्मोस्टॅटच्या घरावर आणि हेडच्या मागच्या टोकाला काळ्या इन्सुलेशन टेपचा एकेक तुकडा चिकटवा आणि दोन्ही वेळेला त्या टेपवरच नेम धरा. माझ्या गाडीत घरासमोर इंजिन चालू ठेवून, हीटर बंद, पंधरा मिनिटांनी पुढे ९१ आणि मागे ११२. एकवीस अंशांचा फरक, एकाच हेडमध्ये, दीड-एक फुटाच्या अंतरात. हीटर उघडला, ब्लोअर बंद, चार मिनिटांनी पुढे ९३ आणि मागे ९७. तो आकडा बघून मी तिथेच पायरीवर बसलो, दोन उन्हाळे ह्यात गेले होते.

खालचा होज पण हाताने बघा, रेडिएटरच्या तळाचा. काटा लालच्या जवळ आणि खालचा होज कोमट, म्हणजे बहुतेक रेडिएटर त्याचं काम करतोय, लगेच त्याला दोष देऊ नका (थर्मोस्टॅट उघडत नसेल किंवा रेडिएटर तुंबला असेल तरी होज कोमट राहतो, तेवढं बघून घ्या). फक्त हात घालताना सांभाळा, इलेक्ट्रिक फॅन न सांगता लागतो, इग्निशन बंद करूनच हात घाला, आणि गरम गाडीचं झाकण कुठल्याही परिस्थितीत उघडू नका.

ह्या सगळ्याच्या आधी एक शंका मिटवून घ्या ती म्हणजे हेड गॅस्केट उडालंय का. गाडी दोनदा-तीनदा उकळली असेल तर उडालेलं असू शकतं आणि मग बाकी काहीही करून उपयोग नाही. निळ्या द्रवाची टेस्ट किट मिळते, झाकणाच्या जागी लावून टाकीतली हवा त्यातून ओढायची, द्रव पिवळा पडला तर जळलेला गॅस पाण्यात येतोय. सकाळी थंड गाडी चालू केल्यावर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक होत असेल तर तेही लक्षण तेच. माझा निळा तो निळाच राहिला, नशीब चांगलं.

उपाय. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे बाहेर पडायची वाट परत मागे नेणं, मझ्दाने ३२३ ला दिली होती तशी, थर्मोस्टॅट मागच्या टोकाला, पुढची वाट बंद, एक लांब होज पुढे रेडिएटरला. त्याचे तयार भाग मिळतात, एमएक्स-५ रेसिंगला वापरणारे लोक हे सर्रास करतात. पण एमजीबीत इंजिनच्या मागे बल्कहेड (इंजिन आणि बसायची जागा ह्यांच्यामधली पत्र्याची भिंत), माझ्या गाडीत तिथे जेमतेम तीन बोटं जातात, इंजिन पुढे सरकवल्याशिवाय ते बसणार नाही. तुमचं इंजिन अजून बाहेर असेल, माउंट अजून वेल्ड व्हायचे असतील, तर आत्ताच ती जागा सोडा, हात जोडून सांगतो. एकदा बसल्यावर ते काम दहा पट वाढतं.

बसलेल्या गाडीला सोपा उपाय, चार तोंडांचा हीटर व्हॉल्व्ह. साध्या कॉकला दोन तोंडं, पाणी आत आणि बाहेर, मिटला की थांबलं. चार तोंडांच्या व्हॉल्व्हमध्ये इंजिनकडून येणारं, हीटरकडे जाणारं, हीटरकडून परत येणारं आणि पंपाकडे परत जाणारं असे चार होज लागतात. उघडा असला की पाणी हीटरमधून फिरतं, मिटला की हीटर वगळून व्हॉल्व्हच्या आतूनच सरळ परत पंपाकडे जातं. म्हणजे तुमच्या पायांना गरम हवा नको असली तरी चौथ्या सिलिंडरमागचं पाणी वाहतंच राहतं. केबलने चालणारा घ्या, एमजीबीची मूळ घुंडी आणि केबल त्यालाच जोडता येते, फक्त कुठल्या बाजूला ओढल्यावर उघडतो ते बसवायच्या आधी टेबलावर तोंडाने फुंकून बघा. मी उलटा बसवला होता, घुंडी बंदवर आणि हीटर चालू, परत सगळे क्लिप सोडावे लागले. होजचे व्यास पण मोजून घ्या, मझ्दाची आणि एमजीबीची तोंडं नेहमी जुळतातच असं नाही, मध्ये जोड टाकताना आतून बारीक होणार नाही ते बघा. आणि हेडच्या मागून निघणारा होज बल्कहेडपाशी वळताना चिमटा जातो, माझा गेला होता, बाहेरून नुसता वाकलेला दिसायचा पण कापल्यावर आतून जवळपास मिटलेला. तिथे साचातला वळणाचा होजच लावा, सरळ होज वाकवून भागवू नका.

काहीजण विचारतात की कॉक काढून कायमचं उघडंच ठेवलं तर? चालेल, इंजिनसाठी उत्तम, पण मग जुलैमध्ये गाडीत पाय भाजतात, एमजीबीच्या हीटर बॉक्सची झडप इतक्या वर्षांनी कुठे धड मिटते.

हे झाल्यावर गाडी नव्वद टक्के बरी झाली, पण दर वेळी पाणी बदललं की पहिले काही दिवस काटा अचानक उडी मारायचा, एकदम वर आणि दहा सेकंदात एकदम खाली. ती हवा. पाण्यात हवेचा बुडबुडा अडकला आणि तो सेन्सरवरून गेला की असं होतं. एमजीबीत हीटर बॉक्स बल्कहेडच्या वरच्या कप्प्यावर बसतो, बोनेट उघडलं की समोरच दिसतो, आणि हीटरची जाळी त्यात असते, म्हणजे सगळ्या पाण्यातली उंच जागा ती. आणि माझ्या आधीच्या मालकाने एक्स्पान्शनची टाकी (तापून वाढलेलं पाणी जिथे जातं ती) लावली होती खाली, पुढच्या कोपऱ्यात, बॅटरी वगैरे काही नव्हतं म्हणून जागा दिसली तिथे. हवा वर जाते, आणि वर तिला बाहेर पडायला वाटच नाही, ती हीटरमध्ये बसून राहते. फॅनच्या स्विचभोवती हवा जमली तर तोही गरम पाणी नसल्यामुळे उशिरा लागतो, म्हणजे परत फॅनवर संशय.

मी टाकी काढून आतल्या विंगवर, मागच्या बाजूला, जमेल तेवढी उंच बसवली. पाण्याची पातळी हीटरच्या वरच्या तोंडापेक्षा वर आली पाहिजे, घरच्या मिस्त्रीसारखी पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल बघितली. टाकीच्या तळातून जाड होज पंपाच्या ओढीच्या बाजूला, खालच्या होजला टी टाकून. आणि दोन बारीक नळ्या, एक थर्मोस्टॅटच्या घराच्या माथ्यावरून आणि एक हीटरच्या वरच्या होजमधल्या टीवरून, टाकीच्या वरच्या भागात. ह्या बारीक नळ्यांतून पाणी थोडं थोडं सतत फिरतं आणि हवा आपोआप टाकीत येऊन पडते. त्या फार जाड घेऊ नका, नाहीतर रेडिएटरला जायचं पाणी तिकडूनच पळेल. दाबाचं झाकण पण आता ह्या टाकीवर, साधारण १५ पीएसआयचं, आणि रेडिएटरवर साधं बंद झाकण. दोन दाबाची झाकणं ठेवली तर कमी दाबाचं आधी उघडतं आणि पाणी भलतीकडून फेकलं जातं.

भरताना पुढची चाकं रॅम्पवर चढवा, हीटर उघडा, टाकीतून सावकाश ओता, होज हाताने दाबत राहा, गुडगुड आवाज येतो तोपर्यंत हवा निघतेय. मग इंजिन चालू, १५०० ते २००० आरपीएमला, फॅन दोनदा लागून दोनदा बंद होईपर्यंत. रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी पातळी खाली गेलेली असते, ती भरा. थर्मोस्टॅटच्या कडेला हवा जायचं बारीक भोक असतं, ते बसवताना वर आलं पाहिजे. भोक नसलेला थर्मोस्टॅट मिळाला तर तीन मिलिमीटरचं एक पाडून घ्या.

आता काटा. तुम्ही म्हणाल सगळं केलं तरी काटा वरच जातो, तर एकदा रात्री गाडी चालवताना हेडलाइट लावा आणि काट्याकडे बघा. लाइट लावल्याबरोबर काटा वर गेला आणि बंद केल्यावर खाली आला, तर पाणी नाही तापलं, अर्थिंग खराब आहे. नवीन इंजिन नवीन रबरी माउंटवर बसतं, जुन्या इंजिनला बॉडीशी जोडणारी अर्थची पट्टी जुन्या इंजिनबरोबर निघून जाते आणि नवीन लावायची राहते, किंवा लागते ती रंगावर लागते. मग बॉडी आणि इंजिनमध्ये विजेचा फरक पडतो, आणि सेन्सरची अर्थ इंजिनवर, मीटरची बॉडीवर, त्यामुळे जितकं विजेचं काम वाढेल तितका काटा चढतो. फॅन लागला की पण चढतो, म्हणजे फॅन लागल्यामुळे गाडी अजून तापली असं दिसतं, काय गोंधळ उडतो बघा! रंग खरवडून, उघड्या लोखंडावर, जाड पट्टी लावा, एक इंजिनला आणि एक गिअरबॉक्सला. आणि तापमानाच्या काट्याबरोबर पेट्रोलचा काटा पण वर जात असेल, तर डॅशमागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर बघा. तो दोन्ही मीटरना १० व्होल्ट देतो, त्याच्या स्वतःच्या अर्थला गंज चढला की तो बॅटरीचे पूर्ण व्होल्ट पुढे सोडतो आणि दोन्ही काटे खोटं बोलायला लागतात. आणि सेन्सर एमजीबीच्या स्मिथ्स कंपनीच्या मीटरला जुळणाराच हवा. मझ्दाचा सेन्सर आणि स्मिथ्सचा मीटर ही जोडी कधीच खरं सांगणार नाही, जोडतुकडा वळवून घेऊन एमजीबीचा सेन्सर लावा.

टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडते ते पण बघा, हे बरेच जण विसरतात. ह्या इंजिनाचा कॅम अँगल सेन्सर हेडच्या मागे, बल्कहेडच्या बाजूला असतो, इंजिन आत घालताना अडतो म्हणून लोक तो काढतात आणि नंतर अंदाजाने बसवतात. डायग्नोसिसच्या डबीत टीईएन आणि जीएनडी ह्या दोन टोकांना वायरने जोडा, टायमिंग लाइट लावा, टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) आधी १० अंश यायला पाहिजे. माझं ३ वर होतं. टायमिंग मागे पडलं की ताकद कमी होते आणि ती उष्णता एक्झॉस्टला आणि पाण्याला जाते, इंजिन बिघडल्यासारखं काही वाटत नाही, नुसती गाडी जरा सुस्त वाटते.

रेडिएटरच्या हवेबद्दल थोडक्यात, कारण ह्यावर सगळे बोलतातच. रेडिएटर आणि पुढच्या पॅनेलमधल्या फटी फोमने बंद करा, हवा आळशी असते, जाळीतून जाण्यापेक्षा बाजूच्या फटीतून जाते. फॅनला पूर्ण आच्छादन हवं. आणि फॅनची दिशा, विजेचे फॅन उलटे जोडले तरी फिरतात, एक कागद धरून बघा चिकटतो की उडतो.

इंजिन बदललं की थंडाव्याची रचना पण बदलावी लागते, हे खुद्द एमजीच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्याने पण केलंय. १९७३ मध्ये त्यांनी एमजीबी जीटीत रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही८ टाकलं तेव्हा रेडिएटर पुढे नेला, दोन इलेक्ट्रिक फॅन दिले, १९७६ पर्यंत अशा २,५९१ गाड्या केल्या. त्यांच्याकडे ड्रॉइंग ऑफिस होतं. आपल्या गाडीचा पाण्याचा नकाशा कोणीच काढलेला नसतो, मझ्दानेही नाही आणि एमजीनेही नाही, म्हणून एका कागदावर तुम्हीच काढा, प्रत्येक होज, प्रत्येक बाण, आणि मग एकेक कॉक मिटवून विचारा की आता पाणी कुठून जाईल. मी हे तीन वर्षं उशिरा केलं आणि पाच मिनिटांत कॉक सापडला.

इंजिन दुसरं असेल तर नकाशा बदलतो. डर्बीला माझा एक नागपूरचा मित्र आहे, त्याच्या एमजीबीत फोर्डचं झेटेक इंजिन, त्याचं थर्मोस्टॅटचं घर मुळातच मागच्या टोकाला, गिअरबॉक्सच्या बाजूला, ते बल्कहेडला लागतं म्हणून त्याने वेगळी पाण्याची रेल लावली आणि हीटरच नको म्हणून ती तोंडं बंद करून टाकली. मग थर्मोस्टॅटपाशी गरम पाणी वेळेवर पोचतच नाही, तो उशिरा आणि एकदम उघडतो, काटा वर-खाली नाचतो. त्याला सांगितलंय की दादा, हीटर नको असेल तरी ती वाट होजने परत पंपाकडे जोड. रोव्हरचं के-सिरीज इंजिन टाकणाऱ्यांनी तर फारच सांभाळावं, तिथे थर्मोस्टॅट पंपाकडे पाणी परत येतं त्या बाजूला असतो आणि मुळात पाणी कमी, तिथे परतीची वाट चुकली की हेड गॅस्केटवर येतं.

गेल्या ऑगस्टमध्ये मुद्दाम ए४२२ वरच्या सनरायझिंग हिलला गेलो. बॅनबरीकडे जाताना तो चढ असा आहे की दुसऱ्या गिअरमध्येच राहावं लागतं, माझ्यापुढे घोड्याचा ट्रेलर होता त्यामुळे अगदी रांगत. हीटर बंद. वर पोचल्यावर टेपवर बघितलं, पुढे ९४, मागे ९९. घरी येताना रिंग रोडला परत रांग लागली, फॅन लागला, बंद झाला, परत लागला, काटा अर्ध्याच्या जरा वर.

एक राहिलं, नवीन होज लावल्यावर जुबिली क्लिप (होज आवळायची स्क्रूवाली पट्टी) तीनदा गाडी गरम-थंड झाल्यावर परत आवळा, गरम असताना नाही, थंड असताना. रबर दबतं आणि क्लिप ढिली होते. हेडच्या मागची क्लिप लावतानाच तिचा स्क्रू वरच्या बाजूला ठेवा, खाली गेला तर तिथे स्क्रूड्रायव्हर पोचत नाही आणि हीटर बॉक्स उतरवावा लागतो.